पाववाल्याची गाडी

'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' (१९६२) या प्रवासवर्णनाच्या पहिल्या भागात जॉन स्टाइनबेक आपल्या जुन्या भटकंतीची आठवण सांगतो. पूर्वी एकदा आपण पाववाल्याच्या जुन्या गाडीतून हिंडलो होतो, असे तो म्हणतो. गाडीला दोन दारे होती, ती चालताना खडखडत असे आणि तिच्या तळाशी एक गादी टाकलेली होती. लोक जेथे थांबत तेथे आपण थांबत होतो, पाहत होतो, ऐकत होतो. दोन-चार ओळींत ही आठवण संपते आणि लेखक आपल्या नव्या गाडीकडे वळतो. नव्या गाडीचे वर्णन मात्र ऐसपैस आहे. तिच्यातला पलंग, शेगडी, शीतकपाट, जाळीच्या खिडक्या, सारे काही तपशिलाने आले आहे.

जुन्या गाडीजवळ थांबणारे ते लोक कोण होते, का थांबत होते आणि थांबल्यावर त्यांना कोण हुसकावून लावीत होते, हे तेथे आलेले नाही. वाचकाला ते ठाऊकच आहे असे लेखकाने गृहीत धरले असावे, कारण त्या खडखडणाऱ्या गाडीतूनच 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' (१९३९) बाहेर पडली होती.

या दोन गाड्यांमधले अंतर आम्हांला मोजून पाहावेसे वाटते. जुनी मालवाहू गाडी विकत घ्यायची, तिच्या पोटात फळ्या ठोकायच्या, बिछाना, चूल आणि पाण्याचा डबा बसवायचा आणि तिचे घर करायचे, हा आज अमेरिकेत छंद आहे, धंदा आहे आणि पुष्कळांच्या बाबतीत अखेरचा उपाय आहे. अशा गाडीघरांचे साहित्यही आता बरेच साचले आहे. वर्गात आणि समीक्षेत ते बहुधा मोकळ्या रस्त्याचे साहित्य म्हणून येते: नायक, क्षितिज, स्वातंत्र्य. आमच्या मते ही त्या साहित्याची निम्मी ओळख आहे. ज्या सुतारकामातून स्वेच्छेने निघालेल्या प्रवाशाची खोली तयार झाली, त्याच सुतारकामातून हाकलून दिलेल्या कुटुंबाची गाडीही तयार झाली. दोघांच्या फळ्या सारख्याच असतात. फरक असतो तो मागे एखादे घर वाट पाहत आहे की नाही, एवढाच. आणि हा फरक लेखनाच्या थेट प्रथमपुरुषापर्यंत जाऊन पोचतो.

प्रथम १९३६ सालाकडे वळू. ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सॉ, मिझुरी या भागांतून शेतकरी कुटुंबे कॅलिफोर्नियाकडे निघाली होती. दुष्काळ आणि धुळीची वादळे हे एक कारण. कापसाचे कोसळलेले भाव, बँकांची जप्ती आणि दहा कुळांची जमीन एकट्याने नांगरणारा ट्रॅक्टर ही दुसरी कारणे. त्या दशकात अशी तीन लाखांच्या आसपास माणसे कॅलिफोर्नियात उतरली. 'सान फ्रान्सिस्को न्यूज' या वृत्तपत्राने स्टाइनबेकला या स्थलांतरित मजुरांवर लेख लिहावयास सांगितले. त्या उन्हाळ्यात त्याने पाववाल्याची जुनी गाडी घेतली, तिच्यात झोपण्याची व शिजवून खाण्याची जुजबी सोय केली आणि तो मध्य कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यात शिरला. या गाडीची निवड आम्हांला अर्थपूर्ण वाटते. ओढ्याकाठी पोत्यांच्या तंबूत राहणारा माणूस नव्या चकचकीत मोटारीतून उतरणाऱ्या पाहुण्याशी कसा आणि किती बोलेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. मोडकी गाडी हे तेथले ओळखपत्रच होते.

या प्रवासात त्याला आर्विनच्या सरकारी छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स भेटला. 'वीडपॅच' या नावाने ती छावणी प्रसिद्ध आहे. छावणीतल्या माणसांच्या बोलण्याचालण्याच्या, खाण्यापिण्याच्या, भांडणांच्या बारीक नोंदी कॉलिन्स आपल्या अहवालांत करीत असे, आणि त्या नोंदींचे ऋण कादंबरीवर किती आहे हे अभ्यासकांना ठाऊक आहे. कादंबरीच्या अर्पणपत्रिकेतला 'टॉम' तो हाच. ऑक्टोबर १९३६मध्ये 'द हार्वेस्ट जिप्सीज' ही सात लेखांची माला प्रसिद्ध झाली. सोबत डोरोथिया लँगची छायाचित्रे होती.

आता कादंबरीतली गाडी पाहू. जोड कुटुंबाची गाडी हा वास्तविक ट्रक नव्हेच. ती जुनी हडसन सुपर-सिक्स प्रवासी मोटार आहे. छिन्नीने तिचे छप्पर मधोमध तोडले आहे आणि मागच्या अर्ध्या भागात लाकडी हौदा बसवला आहे. किंमत पंच्याहत्तर डॉलर. ही गाडी निवडणारा अल हा सोळा वर्षांचा पोरगा आहे आणि कुटुंबातले त्याचे वजन या एका निवडीने वाढले आहे. जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे प्रकरण स्टाइनबेकने मध्येच घातले आहे, ते कथानकाला सोडून असल्याचा आक्षेप पूर्वी घेतला जाई. आम्हांला ते कादंबरीच्या मर्मस्थानी वाटते. खडखडणाऱ्या गिअरमध्ये लाकडाचा भुसा घालून आवाज दाबायचा, गिऱ्हाइकाला दाखवताना चांगली बॅटरी बसवायची आणि गाडी ताब्यात देताना ती काढून मोडकी घालायची, या युक्त्या तेथे विक्रेत्याच्याच तोंडून, तुटक वाक्यांत येतात. घर गेलेल्या माणसाला घर म्हणून काय विकले जाते, याचा हा हिशेब आहे.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी कुटुंबाची बैठक भरते. पूर्वी ती ओसरीवर भरली असती. आता सगळे ट्रकभोवती जमतात. पुरुष उकिडवे बसतात, बायका आणि मुले मागे उभी राहतात. घर मेले, शेत मेले आणि जिवंत काय ते हे यंत्र उरले, अशा आशयाचे निवेदन तेथे येते. चुलीचे स्थान आता या हौद्याकडे आले आहे. मग प्रश्न निघतो वजनाचा. पाट्यांवर किती भार पडेल? बारा माणसे आधीच आहेत, वर केसी हा माजी धर्मोपदेशक येऊ म्हणतो. गाडीला झेपेल का, असे पुरुष विचारतात. आई विषय बदलते: झेपेल का हा सवालच नाही, आपण त्याला नेणार की नाही एवढे सांगा. जुन्या गाडीचे घर करताना पहिले गणित वजनाचे असते हे या विषयातला कोणताही जाणकार सांगेल. पण त्या गणिताला नैतिक बाजू आहे हे आईइतके नेमके कोणी सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही.

पुढे ही गाडी घराची सगळी कामे करते. ती जेवणघर होते, आजारघर होते आणि मोहावेच्या वाळवंटात एका रात्री शवगृहही होते. गाद्यांवर आजी मेलेली आहे, आई तिच्याशेजारी पडून आहे, आणि तपासणीसाठी गाडी अडवणाऱ्या अधिकाऱ्यांना ती सांगते की म्हातारी फार आजारी आहे, आम्हांला थांबवू नका. कादंबरीच्या शेवटी हे कुटुंब रेल्वेच्या मालडब्यात राहावयास येते. डब्यांची चाके काढून टाकलेली आहेत. पुराचे पाणी चढते, गाडी निकामी होते, तेव्हा अल सुचवतो की ट्रकच्या बाजूच्या फळ्या काढून डब्यात उंच माचा बांधू. मोटार तोडून ज्याचे घर केले होते, ते घर तोडून आता फळीभर कोरडी जागा मिळवायची. स्टाइनबेकने ही वर्तुळे मुद्दाम आखली असतील किंवा नसतील. ट्रक कसा जोडला आणि कसा सुटा झाला एवढे पाहत गेले तरी कादंबरीचा आलेख हाती येतो.

मराठी वाचकाला येथे एक सोय आहे. 'घर' हा शब्द आपल्याकडे भिंतींना बांधलेला आहे, पण 'बिऱ्हाड' हा शब्द माणसे, भांडी आणि वळकट्या यांना बांधलेला आहे. बिऱ्हाड करता येते, हलवता येते आणि पाठीवरही घेता येते. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) वाचलेल्याला गाढवाच्या पाठीवरचे बिऱ्हाड पाहून कोणाला त्यात रम्य भटकेपण दिसेल असे वाटत नाही. तीच सावध नजर हडसनकडे पाहताना उपयोगी पडते.

योगायोग असा की त्या काळातल्या सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रामागेही एक हडसन उभी आहे. १९३६च्या आरंभी निपोमो येथील वाटाणा तोडणाऱ्यांच्या तळावर लँगने फ्लॉरेन्स थॉम्पसन या बत्तीस वर्षांच्या स्त्रीची छायाचित्रे टिपली. त्यांतले एक 'मायग्रंट मदर' म्हणून जगभर गेले. अन्नासाठी या कुटुंबाने गाडीचे टायर विकले, असे लँगने नोंदवले. पुढे १९७८मध्ये थॉम्पसनबाई स्वतः पुढे आल्या आणि कुटुंबाचे म्हणणे निराळे निघाले. वाटेत त्यांच्या हडसनची टायमिंग चेन तुटली, म्हणून ते त्या तळावर थांबले. टायर विकले नव्हतेच, त्याच टायरांवर ते पुढे निघून गेले. ही चूक बारीक आहे, आणि लँगच्या हेतूबद्दल आम्हांला संशय नाही. पण चित्राला अगतिक, थिजलेली माता हवी होती, आणि दुरुस्तीला गेलेला नवरा, कामाला लागलेले मुलगे, चालू होणारी गाडी हे सारे चौकटीबाहेर राहिले. गाडीवर जगणाऱ्या लोकांच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रात गाडी नाही.

आणखी एक गोष्ट चौकटीबाहेर राहिली. थॉम्पसनबाई चेरोकी वंशाच्या होत्या. चित्र मात्र गोऱ्या शेतकरी मातेचे म्हणूनच वाचले गेले. स्टाइनबेकच्या लेखांतही हे मजूर मूळचे गोरे अमेरिकी आहेत, आधीच्या मेक्सिकन-फिलिपिनो मजुरांसारखे त्यांना वागवता येणार नाही, असा युक्तिवाद आहे. १९३८मध्ये लेखांची पुस्तिका निघाली तिच्या नावातही 'रक्ता'चा उल्लेख आहे. सहानुभूतीचे दार असे निवडक उघडले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

वास्तविक गाडीवर बिऱ्हाड करण्याची हौस त्याआधीच अमेरिकेत रुजली होती. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या घरात विकली गेली. मध्यमवर्ग सुटीत मोटारीला तंबू जोडून हिंडू लागला. १९१९मध्ये फ्लॉरिडातल्या टँपा येथे अशा हौशी मंडळींनी 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाची संघटना काढली. गावोगावच्या नगरपालिका त्यांच्यासाठी फुकट तळ उभारीत, कारण प्रवासी बाजारात चार पैसे खर्च करीत. मग त्याच तळांवर कामाच्या शोधात फिरणारी गरीब कुटुंबेही उतरू लागली. तंबू तसाच, मोटार तशीच, चूलही तशीच. वेगळे ओळखायचे कसे? १९२०च्या दशकाच्या मध्यावर यावर तोडगा निघाला: तळाला भाडे लावायचे, साधारण पन्नास सेंट, आणि मुक्कामाचे दिवस ठरवून द्यायचे. पर्यटक आणि भटक्या यांच्यातली सीमा अशी दिवसाला अर्धा डॉलर इतक्या रुंदीची आखली गेली.

दहा वर्षांनी ती राज्याच्या हद्दीपर्यंत पोचली. फेब्रुवारी १९३६मध्ये लॉस एंजलिसच्या पोलीसप्रमुखाने आपले १३६ पोलीस शेकडो मैल दूर कॅलिफोर्नियाच्या सीमेवर पाठवले आणि ज्यांच्या खिशात पैसे दिसत नाहीत त्यांच्या गाड्या परत फिरवायला सुरुवात केली. कंगालांना राज्यात आणणे हा तेथे कायद्याने गुन्हाही होता. आपल्या बेकार मेव्हण्याला टेक्सासहून मोटारीत घालून आणणाऱ्या एडवर्ड्स नावाच्या गृहस्थाला त्यासाठी शिक्षा झाली. 'एडवर्ड्स विरुद्ध कॅलिफोर्निया' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९४१मध्ये तो कायदा रद्द ठरवला. जोड कुटुंब कागदावर सीमा ओलांडून दोन वर्षे झाली होती.

त्याच १९३६ साली न्यूयॉर्कमधील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने कृष्णवर्णीय मोटारचालकांसाठी एक मार्गदर्शिका काढली. रात्री कोठे झोपता येईल, पेट्रोल कोठे मिळेल, केस कोठे कापून घेता येतील, याच्या त्यात याद्या असत. मोकळ्या रस्त्याचे साहित्य शिकवताना ही 'ग्रीन बुक' शेजारी ठेवावी. गाडीत झोपणे हे कोणाला साहस वाटत होते आणि कोणाला दुसरा पर्याय नसल्याची खूण, ते तिच्यावरून कळते.

या पार्श्वभूमीवर १९६० सालची 'रोसिनान्ते' येते. स्टाइनबेक आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे, प्रकृती बिघडलेली आहे, आणि आपण ज्या देशाबद्दल लिहितो तो देश पंचवीस वर्षांत पाहिलेलाच नाही ही टोचणी त्याला लागली आहे. त्याने जीएमसीचा नवा पाऊण टनी ट्रक मागवला आणि त्यावर जहाजाच्या लहानशा खोलीसारखे घर बसवून घेतले. नाव ठेवले डॉन किहोतेच्या घोड्याचे. मोडक्या गाडीचे घर करण्याचा प्रश्न येथे उरला नाही. घर कारखान्यातून तयार होऊन आले. तरीही संसार मांडण्याचा उत्साह तोच आहे. न वाचलेल्या पुस्तकांचे सुमारे दीडशे पौंडांचे ओझे त्याने गाडीत चढवले, हा तपशील आमच्यासारख्यांना हसवतो आणि ओशाळवतोही. कपडे धुण्याची त्याची युक्ती तर नामी आहे: झाकणाची बादली कपाटात लवचिक दोरीने टांगायची, तिच्यात गरम पाणी, साबण आणि कपडे घालायचे आणि रस्त्याच्या हादऱ्यांना दिवसभर धुणे करू द्यायचे.

निघण्यापूर्वी जो कोणी ही गाडी पाहतो त्याच्या डोळ्यांत हुरहूर उमटते, असे तो सांगतो. कुठेही, कसेही, पण येथून निघावे. हे निरीक्षण खरेच असावे. पण १९३६मध्ये पाववाल्याच्या गाडीकडे पाहून कोणाला अशी हुरहूर वाटली असेल का?

पुस्तकातला आम्हांला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग मेन राज्यातला आहे. तेथे बटाट्याच्या काढणीसाठी सीमेपलीकडच्या क्वेबेकमधून फ्रेंच भाषक कुटुंबे आलेली असतात. स्टाइनबेक त्यांच्या तळाजवळ मुक्काम करतो, चार्ली या कुत्र्याला ओळख काढण्यासाठी पाठवतो आणि मग सबंध कुटुंबाला रोसिनान्तेत बोलावून उंची ब्रँडी पाजतो. सभा छान रंगते. आपल्या पुस्तकातल्या जोड मंडळींचेच भाऊबंद आज पाहुणे म्हणून आले आहेत, हे त्याला जाणवले नसेल असे आम्ही मानणार नाही. कष्टाच्या कामासाठी बाहेरून माणसे आणणाऱ्या राष्ट्राचे पुढे काय होते, ही शंका तो कार्थेजचा दाखला देऊन बोलून दाखवतो. पण आता तो यजमान आहे. मोडक्या गाडीत तो त्यांच्यातला एक होऊ पाहत होता; रोसिनान्तेत तो त्यांना जागा करून देतो. पहिल्या पुस्तकात 'मी'पासून 'आम्ही'पर्यंतचे अंतर कसे ओलांडले जाते यावर आख्खे प्रकरण आहे. दुसऱ्यात 'मी' आणि एक कुत्रा.

न्यू ऑर्लिन्समध्ये हे अंतर आणखी उघडे पडते. गोऱ्या मुलांच्या शाळेत प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या सहा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीवर, रूबी ब्रिजेसवर, दररोज सकाळी शिव्यांचा वर्षाव करणाऱ्या बायका त्याला पाहायच्या होत्या. न्यूयॉर्कची पाटी असलेली रोसिनान्ते तेथे नेणे धोक्याचे, म्हणून त्याने ती दूर उभी केली आणि तो टॅक्सीने गेला. पुस्तकातला सर्वांत जळजळीत भाग गाडीबाहेर पडल्यावर लिहिला गेला आहे.

२०१०मध्ये बिल स्टायगरवाल्ड या पत्रकाराने त्याच मार्गाने प्रवास करून दाखवून दिले की स्टाइनबेकच्या कित्येक रात्री रोसिनान्तेत नव्हे तर हॉटेल-मोटेलांत गेल्या, प्रवासाच्या बऱ्याच भागात पत्नी सोबत होती आणि काही भेटी कल्पित दिसतात. २०१२च्या पन्नासाव्या वर्षाच्या आवृत्तीत जे पारिनी याने प्रस्तावनेतच वाचकाला सावध केले. या प्रकरणावर रागावण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. प्रवासवर्णनात रचना असतेच. आम्हांला कुतूहल आहे ते या रचनेच्या दिशेचे: एकटेपण वाढवून आणि बिछाना कठीण करून सांगावासा लेखकाला का वाटला? खडखडणाऱ्या जुन्या गाडीची उणीव त्याला भासत होती, एवढेच आम्ही म्हणू.

साठीच्या दशकातल्या रंगीत गाड्यांवर इतके लिहिले गेले आहे की येथे थांबण्याची गरज नाही. केन केसीने १९६४मध्ये देशभर फिरवलेली १९३९ सालची शाळेची बस टॉम वुल्फच्या पुस्तकामुळे (१९६८) अजरामर झाली. तिच्यात फळीचे बिछाने आणि स्वयंपाकघर आधीच्या मालकाने आपल्या मोठ्या कुटुंबाच्या सहलींसाठी बसवून ठेवले होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बंडखोरांना तयार सुतारकाम मिळाले ते एका कुटुंबवत्सल गृहस्थाकडून.

'ब्लू हायवेज' (१९८२) जवळ मात्र थांबले पाहिजे, कारण त्याचा लेखक आपल्यापैकी आहे. विल्यम लीस्ट हीट-मून मिझुरीत इंग्रजी शिकवीत असे. १९७८च्या फेब्रुवारीत विद्यार्थिसंख्या घटल्याच्या कारणाने त्याची नोकरी गेली. पत्नीशी दुरावा आलेलाच होता. त्याने आपल्या १९७५च्या फोर्ड इकोनोलाइनमध्ये फळीचा बिछाना ठोकला, झोळणा, स्टोव्ह आणि सुटा संडास ठेवला, व्हिटमनची कविता आणि ब्लॅक एल्कचे निवेदन बरोबर घेतले आणि वसंताच्या पहिल्या दिवशी तो निघाला. नकाशात निळ्या रेघेने दाखवलेल्या दुय्यम रस्त्यांवरून तेरा हजार मैल. गाडीचे नाव 'घोस्ट डान्सिंग', मूळच्या रहिवाशांच्या एका हताश नृत्यविधीवरून घेतलेले. येथे निघणे स्वेच्छेचे की सक्तीचे, हे ठरवता येत नाही. म्हणूनच पुस्तक चांगले आहे. तो माणसांना ऐकतो, त्यांचे बोलणे पानेच्या पाने जसेच्या तसे येऊ देतो. नोकरी गेलेल्या माणसाला दुसऱ्याचे ऐकायला वेळ असतो, आणि आपण कोण हे ठामपणे सांगण्याची घाईही नसते.

जेसिका ब्रूडरचे 'नोमॅडलँड' (२०१७) आले तेव्हा नोकरी गेलेल्यांची संख्या फार वाढली होती. २००८च्या मंदीत घर आणि साठवण गमावलेली साठीपलीकडची माणसे गाड्यांत राहावयास आली. काही महिने अॅमेझॉनच्या गोदामात, काही महिने बीटच्या काढणीवर, उन्हाळ्यात सरकारी जंगलातल्या तळावर संडास धुण्याच्या कामावर. हिवाळ्यात ती अॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात जमतात. तेथे नवख्यांना शिकवले जाते: पाच गॅलनच्या बादलीचा संडास कसा करावा, छपरावर सौर पट्ट्या कशा बसवाव्यात, शहरात रात्री उभी असलेली गाडी राहती वाटू नये म्हणून काय करावे. ही शेवटची विद्या आम्हांला हादरवते. रोसिनान्तेत खिडकी असावी असा आग्रह होता. येथे खिडकीतून उजेड दिसू नये अशी खटपट आहे. ब्रूडरने स्वतः १९९५ सालची जीएमसी गाडी घेऊन त्यांच्यात मुक्काम केला. पाववाल्याच्या गाडीची परंपरा तिने चालवली असे म्हणता येईल. फरक इतका की आपल्याला परत जायला ब्रुकलिनमध्ये घर आहे हे ती वाचकाला विसरू देत नाही. या तळांवर जवळजवळ सगळे गोरेच का, हेही ती विचारते: काळ्या माणसाने रात्री रस्त्याकडेला बंद गाडीत झोपणे किती सुरक्षित आहे? ग्रीनची मार्गदर्शिका आठवते. क्लोई झाओचा चित्रपट (२०२०) देखणा आहे, २०२१मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्करही मिळाले, पण गोदामातले श्रम त्यात फारच मवाळ झाले आहेत.

या माणसांना 'बेघर' म्हटलेले आवडत नाही. आमच्याकडे छप्पर आहे, फक्त इमारत नाही, असे ती सांगतात. मराठीत त्यांना 'बिऱ्हाड' हा शब्द देता आला असता. कायद्याला मात्र अशा छटा कळत नाहीत. गाडीत राहण्यास बंदी करणारा लॉस एंजलिसचा नियम संदिग्ध म्हणून संघराज्याच्या अपील न्यायालयाने २०१४मध्ये रद्द केला. २०२४च्या जूनमध्ये ग्रँट्स पासच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागेत अंथरूण टाकण्यावर बंदी घालण्याचा नगरांचा अधिकार सहा विरुद्ध तीन मतांनी मान्य केला. पन्नास सेंटचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' संपते तेव्हा स्टाइनबेक न्यूयॉर्कच्या गर्दीत रस्ता चुकतो. दहा हजार मैल फिरून आलेला माणूस स्वतःच्या शहरात गाडी थांबवतो आणि पोलिसाला घरचा रस्ता विचारतो. 'नोमॅडलँड'च्या अखेरीस लिंडा मे या साठी उलटलेल्या बाईने अॅरिझोनाच्या वाळवंटात पाच एकर जमीन घेतलेली असते आणि ती मोकळी करण्याचे काम सुरू झालेले असते. तिला तेथे स्वतःच्या हातांनी घर बांधायचे आहे. त्याच्या भिंती जुन्या टायरांत माती ठासून उभ्या करायच्या आहेत.